खंय आबा

खंय आबांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना आमच्याच फाटकावरून परत पाठवलं होतं.

दसऱ्याच्या सुटीत मी कणकवलीहून मालवणला, सासुरवाडीला आलो होतो. सकाळी सातला फाटकापाशी बनियनवर उभा राहून दात घासत होतो. एक जुनी पांढरी व्हॅन हळूहळू येऊन थांबली. इंजिन बंद झालं, काच खाली गेली आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ फार अदबीने म्हणाले, "वायच सांगशात काय, मास्तरांच्या जावयाचा घर खंय?"

माझ्या तोंडात फेस. मनात आलं, कोण बुवा हा, सासऱ्याच्या घरात बस्तान मांडून बसलेला जावई? अशा माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. "कल्पना नाही, पुढे विचारा," असं सांगून मी ब्रशनेच दिशा दाखवली. ते "बरां" म्हणाले, हात जोडले आणि पुढे गेले.

त्यानंतर पाऊण तास मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. दिवसभरासाठी ठरवलेली गाडी अजून कशी आली नाही आणि आपल्या लोकांना वेळेचं कसं काही वाटत नाही, यावर बायकोला व्याख्यान देत होतो. माझे सासरे जन्मभर शाळामास्तर होते, मी त्यांचा एकुलता एक जावई, आणि गाडी मीच ठरवलेली. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. ते वैजूच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या डोक्यात आलं. "अहो, पण गाडीवाल्याने इथे घर विचारायचं तरी कोणाच्या नावाने? तुमच्या? तुम्हाला ओळखतं कोण इथे?"

मी फोन केला. पलीकडून तोच अदबशीर आवाज आला. "मी येव्न गेलंय. पण मास्तरांचो जावय गावना नाय." ते गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन आले होते.

परत आल्यावर वैजूला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि तिचा त्यांना बघून. तिच्या वडिलांना वीस वर्षं त्यांनीच या व्हॅनमधून फिरवलं होतं, फक्त एस.टी.ने येणाऱ्या-जाणाऱ्या माझी त्यांच्याशी गाठ कधी पडली नव्हती. म्हणजे त्यांना ते घर डोळे मिटून सापडलं असतं. मी थक्कच झालो. "मग मी पुढे जा म्हटल्यावर गेलात कशाला?"

"तुमी सांगल्यात म्हणान," आबा म्हणाले. "इचारल्यार ऐकाक होया."

त्यांचं खरं नाव काय होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. सगळा पंचक्रोशीचा मुलूख त्यांना खंय आबा, म्हणजे 'कुठे आबा' म्हणायचा. ज्या रस्त्यावरून चाळीस वर्षं गाडी चालवली, त्या रस्त्यावरसुद्धा हा माणूस थांबून "मसुऱ्याक जावचो रस्तो खंय?" असं विचारी. मसुरे समोर दिसत असलं तरी विचारी. लोक चेष्टा करायचे. "आबा, काल जाव्न इल्यात मां? रात्रीत मसुरा उठान गेला काय?" आबा हसायचे, पण उत्तर मिळाल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत.

विचारण्याचीही त्यांची रीत होती. आधी इंजिन बंद करायचं. मग काच पूर्ण खाली. मग नमस्कार. "चालत्या गाडयेतसून इचारलास, तर जबाबय चालतोच गावता," असं त्यांचं म्हणणं. समोरच्याने रस्त्याबरोबर आपल्या गाईचं दुखणं आणि मुंबईच्या मुलाचा फोन असं सगळं सांगितलं, तरी आबा मान हलवत शेवटपर्यंत ऐकायचे. मागच्या सीटवर माझ्यासारखा कचेरीतला माणूस घड्याळ बघत बसायचा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आबा भित्रे होते. हे मी त्यांच्यामागे बोलत नाही, ते स्वतःच सांगायचे. सूनसान रस्ता लागला की म्हणायचे, "माका भिया दिसता." पुलावर पाणी असलं की म्हणायचे, "माका भिया दिसता, आपण थांबूया." साठी उलटलेला, चांगला दणकट माणूस, आणि "मला भूक लागलीय" म्हणावं इतक्या सहज हे सांगायचा. मला त्याचं हसू यायचं. मीही भित्राच आहे, पण मी ते शास्त्रशुद्ध पद्धतीने लपवतो. भीती वाटली की मी मोठ्या आवाजात माहिती सांगायला लागतो. वैजूला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. तेव्हापासून मी माहिती सांगायला लागलो की ती माझा हात धरते.

त्या दिवशी आम्हाला बघायची होती ती कातळशिल्पं. मसुऱ्याच्या पलीकडे एक मोठा सडा आहे. डोंगरमाथ्यावरचं उघडं, काळ्या जांभ्या कातळाचं पठार. झाड औषधालाही नाही. त्या कातळात हजारो वर्षांपूर्वी कोणी माणसांनी चित्रं खोदून ठेवलीत. गावकरी त्यांना पांडवांची चित्रं म्हणतात. मी त्यांच्याबद्दल मोबाईलवर इतकं वाचलं होतं की ती मीच खोदली असावीत असं मला वाटायला लागलं होतं.

सासूबाईंना सड्याचं नाव काढलेलं खपत नसे. म्हणून निघताना मी त्यांना सांगितलं, "मसुऱ्याला देवीच्या दर्शनाला जाऊन येतो." साधीशी थाप. आमची लेक बारावीचा अभ्यास घेऊन आजीजवळ राहिली. तिलाही मी तेच सांगितलं, नाहीतर ती आजीला सांगेल. आबांनी स्टिअरिंगवरून वळून माझ्याकडे बघितलं. "घराकडे खरा सांगूक नाय?" मी म्हटलं, "चला हो आबा, संध्याकाळच्या चहाला परत येतोय."

रस्त्यात आबांनी तीनदा वाट विचारली. शेवटची सड्याच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता संपतो तिथे एकच घर होतं आणि अंगणात एक म्हातारी खळं सारवत बसली होती. आबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले. "गो काकी, पांडवांची चित्रां खंय ती वायच सांगशीत?"

काकी शेणाच्या हाताने दिशा दाखवत सांगू लागली. सांगणं लांबत चाललं, तशी मी टोपी चढवली आणि मोबाईलचा नकाशा उघडला. माझ्या कानावर तुकडे तुकडे आले: पायवाट, पहिलं चित्र, पाऊस, खाण. आबांनी मला हाक मारली. "जावयबापू, काकीक सांगा, तुमी खंय चललास ता."

"तिने आत्ताच तर ऐकलं की."

"तुमच्या तोंडान सांगा."

मी हसून चालायला लागलो. वैजू मात्र थांबली आणि म्हणाली, "काकी, आमी चित्रां बघून येताव गो." काकी म्हणाली, "येवा. पण पयल्या चित्राच्या फुडे जाव नकात हां."

आबा वर आले नाहीत. "सड्यार मी येवचंय नाय. माका भिया दिसता," म्हणाले आणि व्हॅनच्या सावलीत बसले. मी वैजूला हळूच म्हटलं, "बघ, गाइड म्हणून भित्रा माणूस मिळालाय."

वर पोचायला वीस मिनिटं लागली. पावसाळा संपून गेला होता, कातळावरचं गवत कंबरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलं होतं. पहिलं चित्र पायवाटेला लागूनच होतं. माणसाहून मोठी आकृती, पाय फाकलेले, हात बाजूला, डोकं नाही. खोदलेल्या रेषांत पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात आभाळ. वैजूने चपला काढल्या आणि नुसती बघत बसली. मी मात्र सुरू झालो. मातृदेवता, सुफलता, अश्मयुग. "पण याला डोकं का नसेल?" असा शेवटी मलाच प्रश्न पडला.

"विचारा की कोणाला तरी," वैजू म्हणाली.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर एक मासा आणि एक मोर आहे, असं मी वाचलं होतं. वैजू म्हणाली, काकीने पुढे जाऊ नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, काकीला माझ्या मोबाईलएवढं माहीत नसणार. आजही हे वाक्य आठवलं की मला जेवताना ठसका लागतो.

मासा सापडला. सुंदर होता. आम्ही त्याच्याजवळ बसून मोसंबं सोलून खाल्लं, साली कातळावर ठेवल्या. मोर काही सापडला नाही. तेवढ्यात ऊन गेलं. असं गेलं की कोणी वरून घोंगडं टाकावं. पश्चिमेकडून, समुद्राच्या अंगाने, जांभळं काळं आभाळ चढत येत होतं आणि त्याच्या पोटात काहीतरी गुरगुरत होतं. "परतीचा पाऊस," मी माहिती दिली. वैजूने माझा हात धरला.

आम्ही आलो त्या बाजूला वळलो. आलो ती बाजू कुठली, एवढंच कळेना. येताना आमच्या पायांनी गवत मोडून वाट झाली होती. आता वारा सुटला आणि सगळंच गवत मोडून पडलं. सगळीकडे वाटच वाट. सूर्य दिसत नव्हता. मोबाईलच्या नकाशावर एक निळा ठिपका होता आणि त्याच्याभोवती कोरी पाटी. मग तोही दिसेनासा झाला. मी ठामपणे एका दिशेला चालू लागलो. पंधरा मिनिटांनी कातळावर मोसंब्याच्या साली दिसल्या.

मी दिशा बदलली, आणखी ठामपणे चाललो. पुन्हा साली दिसल्या. या खेपेला त्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी त्यांच्याकडे माझं लक्षच नाही असं दाखवलं.

"अहो, साली."

"दुसऱ्या कोणाच्या असतील."

"आणि मासापण दुसऱ्या कोणाचा?"

मग ती फार हळू म्हणाली, "चकवा लागलाय." मी हसायला तोंड उघडलं आणि घशातून भलताच आवाज निघाला. चकवा म्हणजे माणसाला सड्यावर गोल गोल फिरवून दमवणारं, मारणारं काहीतरी. खारेपाटणला लहानपणी मी त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि मोठेपणी कचेरीत डबा खाताना त्यांची टिंगलही केली होती. त्या टिंगलीचा एकेक शब्द आता मला परत घ्यावासा वाटत होता.

पहिली वीज पडली ती बरीच लांब. दुसरी तेवढी लांब नव्हती. त्या अफाट पठारावर गवताहून उंच अशा दोनच वस्तू होत्या, आणि त्यातली जास्त उंच म्हणजे मी. शिवाय पाऊस येणार म्हणून मी छत्री उघडून डोक्यावर धरली होती, लोखंडी काडीची. वैजूने ती माझ्या हातातून हिसकावून फेकून दिली. छत्री गवतावरून उड्या मारत गेली आणि अचानक नाहीशी झाली. जमिनीने गिळावी तशी. मला वाटलं, उतार असेल, म्हणजे खाली जायची वाट असेल. मी तिकडे धावलो.

वैजूने मागून माझ्या शर्टाची कॉलर धरली नसती तर हे लिहायला मी नसतो. माझा डावा पाय गवतातून खाली गेला आणि त्याला काही लागलंच नाही. मी पाठीवर पडलो. पायातली चप्पल सुटली. एक, दोन मोजावं इतक्या वेळाने खाली पाण्यात डुबुक्क झालं.

ती जुनी चिरेखाण होती. घरं बांधायला जांभ्याचे चिरे काढून नेलेले आणि खड्डा तसाच सोडलेला. भिंती विटेसारख्या सरळ कापलेल्या, चार माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या खोल, तळाशी काळं पाणी. काठापर्यंत गवत. काकीच्या सांगण्यातला 'खाण' हा तुकडा आता मला पुरा ऐकू आला.

आम्ही चार पावलं मागे रांगत आलो आणि तिथेच उकिडवे बसलो, एकमेकांना धरून. पुढे जायची हिंमत नव्हती, मागे जायची नव्हती. अशा किती खाणी गवतात असतील कोण जाणे. मग पाऊस आला. वीज आता दर मिनिटाला पडत होती आणि प्रत्येक वेळी सगळा सडा पांढराफटक होऊन पुन्हा विझत होता. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. भीतीने की विजेने, ते कळलं नाही.

आणि तेव्हा मला सगळ्यात मोठी भीती वाटली. ती विजेची नव्हती. घरी सासूबाईंना आणि लेकीला वाटत होतं की आम्ही मसुऱ्याला देवळात आहोत. उद्या शोधायला निघतील ते देवळात जातील, बाजारात जातील. इथे कोणी येणारच नाही. पोरगी आईबापांना भलत्याच ठिकाणी हाका मारत फिरेल. मी वैजूला हे बोललो नाही. तिनेच विचारलं, "आईला तुम्ही काय सांगितलं होतं?"

मग हाक आली. "वैजूऽऽ!"

मी ओ द्यायला गेलो तर तिने पंजाने माझं तोंड दाबलं. "थांबा. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही." सड्यावरची हाक माणसाचीच असते असं नाही, आणि दुसरं जे काही असतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही, हे तिच्या आजीने तिला शिकवलं होतं, माझ्या आजीने मला. मी एम. कॉम. आहे. मी थांबलो.

दुसरी हाक आली, पण वेगळ्याच बाजूने, खाणीच्या अंगाने. "वैजूऽऽ!" खाणीत घुमून आल्यासारखी. तिची बोटं माझ्या गालात रुतली.

तिसरी हाक आलीच नाही.

आम्ही वाट बघितली. वीज पडली. पुन्हा वाट बघितली. मला आठवतं, मी त्या चार-पाच मिनिटांत इतका लहान झालो होतो की मला आई हवी होती. वैजू हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती. देवीचं नाव असेल, लेकीचं असेल. आणि मग पावसातून, बराच जवळून, थरथरता पण अत्यंत अदबशीर आवाज आला:

"कोण आसा काय थंय? वायच सांगशात काय, मास्तरांच्या जावयाचा घर खंय?"

मी वैजूचा हात झटकला आणि ओरडलो, "हंय! हंय आसा! मीच तो जावय!" पंचवीस वर्षं कचेरीत जपलेली माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठे वाहून गेली.

"जाग्यार बसा! पाय हलव नकात! खाण आसा!" आबा ओरडले. मग विचारलं, "खंय?"

"हंय!"

"खंय?"

"हंय!"

असं किती वेळ चाललं कोण जाणे. ते विचारत होते, आम्ही सांगत होतो आणि आवाज खाणीला वळसा घालून जवळ जवळ येत होता. शेवटी गवत बाजूला झालं. पुढे काकी, डोक्यावर इरलं, हातात कोयता, प्रत्येक पावलाआधी गवत कापून जमीन बघणारी. तिचा दुसरा हात धरून, लहान मूल आईबरोबर चालतं तसे, खंय आबा. ते पांढरे पडले होते. दातांवर दात वाजत होते. एवढी भ्यालेली माणसाची मुद्रा मी पूर्वी कधी बघितली नव्हती, आणि तो माणूस आम्हाला न्यायला आला होता.

खाली व्हॅनमध्ये बसल्यावर मी पहिलं विचारलं ते हेच. "आबा, तिसरी हाक का नाही मारलीत?"

"हाक कोणय मारता, जावयबापू," आबा म्हणाले. "माकाच भिया वाटला. मी हाक मारतंय आणि ओ दुसऱ्याच कोणी दिली तर? म्हणान इचारलंय. इचारता तो माणूस."

म्हणजे तिकडे तेही आमच्याइतकेच घाबरून थांबले होते. काकी जाताना हसत होती. "म्हातारो अर्ध्या वाटेर थांबलो. म्हणता, काकी, माझो हात धर."

आबांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेवरून पाणी वाहत होतं. त्या पाण्याकडे बघत ते बोलले. त्यांचे वडील मासेमारी करायचे. आबा बारा-तेरा वर्षांचे असताना एका सकाळी वडील घरातून गेले ते परत आले नाहीत. होडी किनाऱ्यावर नव्हती. भावकीतल्या कोणीतरी नेली होती, ते नंतर कळलं. "लोकांनी तेका तीन दिस दर्यात सोधल्यानी," आबा म्हणाले. "तो सड्यार हुतो. लाकडां हाडूक गेलो हुतो, खाणीत पडलो. दोन दिस जितो हुतो म्हणतत." मग म्हणाले, "कोणाक वाट इचारूक नाय, कोणाक सांगूक नाय. इचारल्यान आसता, तर सांगूक कोण तरी असता, की हो हयसून गेलो."

मागच्या सीटवर आम्ही दोघं भिजलेले. मला माझ्या घड्याळाची आठवण झाली आणि मी ते बाहीखाली लपवलं.

आबांनी गाडी सुरू केली, ती वाटेतल्या पुढच्या घरापाशी थांबवली. ते काच खाली करणार, तेवढ्यात मी दार उघडून उतरलो, एका पायात चप्पल घालून, आणि ओसरीवरच्या माणसाला नमस्कार करून विचारलं, "मालवणाक जावचो रस्तो खंय?" त्याने माझ्या अनवाणी पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "हो काय समोर." मी त्याचे आभार मानून परत येऊन बसलो. आरशात आबांच्या मिशा हलल्या.

सासूबाईंनी दारातच विचारलं, "झाला दर्शन?" मी म्हटलं, झालं. मग लगेच म्हटलं, नाही, सड्यावर गेलो होतो. माझ्या पायावर ओतायला त्यांनी पाणी जरा जास्तच गरम घेतलं.

याला सहा-सात वर्षं झाली. तेव्हापासून मी कुठेही जाताना विचारतो. कणकवली स्टेशनावर नेहमीची गाडी पकडतानाही फलाट विचारतो. कचेरीत लोकांनी मलाही नाव ठेवलंय, ते इथे सांगत नाही. आबांची व्हॅन आमच्याकडे दर सुटीत यायची. फाटकाशी थांबायची, इंजिन बंद, काच खाली, "मास्तरांच्या जावयाचा घर खंय?" आणि मी "हंय!" म्हणत धावायचो. हा आमचा खेळ होता. खेळातसुद्धा त्यांनी कधी उत्तर यायच्या आधी गाडी सुरू केली नाही.

गेल्या खेपेला व्हॅन आली नाही. फोन लागला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, आबा जाऊन महिना झाला.

आम्ही भेटायला गेलो. इतक्या वर्षांत त्यांचं घर आम्ही पाहिलंच नव्हतं, नेहमी तेच आमच्याकडे येत. मी तीनदा गाडी थांबवून, इंजिन बंद करून विचारलं. शेवटचं विचारलं तेव्हा अंगणात उभी पांढरी व्हॅन मला तिथून दिसत होती.

त्यांच्या सुनेने चहा दिला. ती वैजूशी बोलत होती, मी व्हॅनकडे बघत होतो. आबा चार दिवस तापाने पडून होते, कोणाला काही मोठं वाटलं नव्हतं. बोलता बोलता तिने पदर तोंडाशी धरला.

"त्या दिसा सकाळी माका इचारल्यानी," ती म्हणाली. "'गो, वायच सांगशीत काय, फुडली वाट खंय?' मी भाकरी भाजत हुतंय. म्हटलंय, आता खंय जातास, गप पडान रवा. ते बरां म्हणाले नि पडान रवले. ते पडलेच." ती रडायला लागली. "माझा ऐकल्यानी. मी काय तरी बरा सांगूक होया हुता. जाणाऱ्या माणसान वाट इचारल्यान आणि मी सांगूक नाय."

मी तोंड उघडलं असतं तर माहितीच सांगत बसलो असतो. मी वैजूकडे बघितलं. तिने हातातली कपबशी खाली ठेवली, सुनेजवळ सरकून बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"तुका इचारल्यानी मां?" वैजू म्हणाली. "मगे आबा सांगानच गेले गो."